फलकावरचें काम आणि माणसावरची पाळत

स्कॉटलंडमध्यें क्लाईड नदीच्या कांठीं न्यू लॅनार्क नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील सूतगिरणीचा कारभार इ. स. १८०० च्या आरंभीं रॉबर्ट ओएन या तरुण गृहस्थाच्या हातीं आला. ओएन हा पुढें श्रमजीवी वर्गाचा कैवारी म्हणून प्रसिद्धीस आला. दहा वर्षांखालील मुलांना गिरणींत घेणें त्यानें बंद केलें, त्यांच्या शिक्षणाची सोय केली, आणि मारहाणीवांचून गिरणी चालूं शकते हें त्या काळच्या मालकांना दाखवून दिलें. या दयाळू मालकानें आपल्या गिरणींत एक चमत्कारिक साधन योजिलें होतें. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ सुमारें दोन इंच लांबीचा एक लांकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग दिलेले होते: काळा, निळा, पिवळा आणि पांढरा. आदल्या दिवशीं त्या माणसाचें वर्तन वाईट ठरलें असेल तर काळी बाजू पुढें येई, बेताचें असेल तर निळी, चांगलें असेल तर पिवळी आणि उत्कृष्ट असेल तर पांढरी. रोजच्या रंगाची नोंद वहींत होई. ओएन गिरणींतून फेरी घालीत असतां प्रथम ठोकळ्याकडे पाही, मग माणसाकडे पाही, आणि एक शब्दहि न बोलतां पुढें जाई. त्या ठोकळ्याला ‘मुका मॉनिटर’ असें नांव होतें.

ओएनला या युक्तीचा मोठा अभिमान होता. १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यानें सांगितलें आहे कीं, आरंभीं काळे ठोकळेच पुष्कळ दिसत; हळूहळू काळ्याचे निळे झाले, निळ्याचे पिवळे झाले आणि कांहींचे पांढरेहि झाले. ज्याला आपला रंग अन्यायाचा वाटे त्याला खुद्द ओएनकडे दाद मागण्याची मुभा होती. इतर गिरण्यांतल्या चामड्याच्या वादीशीं तुलना केली तर ही रीत सौम्य होती यांत संशय नाहीं. तरीहि हा ठोकळा सांगत होता तें काय, याचा विचार केला पाहिजे. कापूस निकृष्ट आला, यंत्राचें चाक झिजलें, कीं शेजारच्या खात्याकडून माल वेळेवर मिळाला नाहीं, यांतलें अक्षरहि त्याच्यावर उमटत नसे. त्याच्यावर उमटे तें काम नव्हे, माणूस. शिवाय ठोकळा फिरविणारा हात, ज्याच्यापुढें तो टांगलेला असे, त्याचा नव्हता.

दोनशें वर्षांपूर्वींची ही हकीकत आज आठवण्यास कारण आहे. पुण्याच्या हिंजवडींत किंवा बंगळूर-हैदराबादेंत संगणकाचें काम करणारा मुलगा, मुलगी अथवा सून आतां अनेक घरांत आहे, आणि २०२० च्या साथीपासून त्यांपैकीं कित्येकांचें काम घरच्या टेबलावर येऊन बसलें आहे. त्यांच्या पडद्यावर नांवाशेजारीं एक हिरवा ठिपका असतो. हात कांहीं वेळ यंत्रावरून निघाला कीं त्याचा रंग पालटतो. चहा घेण्यासाठीं उठलेल्या माणसाला त्या ठिपक्याची चिंता वाटावी, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांना नवल वाटतें. न्यू लॅनार्कच्या कामगाराला तें वाटलें नसतें.

परंतु ठिपका त्रासदायक आहे म्हणून कामाकडे पाहणेंच नको, असें मात्र म्हणतां येत नाहीं. विणकराचें कापड मागावर वाढतांना दिसतें; गवंड्याची भिंत रस्त्यावरून जाणाऱ्यालाहि मोजतां येते. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहिणाऱ्याचें तसें नाहीं. त्याचें काम डोळ्यांना दिसत नाहीं, हातांना लागत नाहीं, आणि निम्में झालें कीं पाऊणपट झालें हें पुष्कळदां त्याचें त्यालाहि सांगतां येत नाहीं. फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९८६ सालच्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत अदृश्यता हा सॉफ्टवेअरचा मूळ स्वभावच होय असें म्हटलें आहे. पन्नास माणसें मिळून अशी अदृश्य वस्तु बांधूं लागलीं म्हणजे एकच काम दोघांकडून होतें, तिसरा भलत्याचीच वाट पाहत बसतो, आणि चौथ्यानें केलेल्या बदलामुळें पांचव्याचें चालू असलेलें काम मोडतें. म्हणून सर्वांचें काम सर्वांना दिसावें ही मागणी मुळांत मालकाची नाहीं. ती काम करणाऱ्यांचीच गरज आहे. घोंटाळा होतो तो यानंतर. दिसूं लागलेल्या गोष्टीचा उपयोग कोण कोणाविरुद्ध करणार, हा प्रश्न पाहण्याच्या पाठोपाठ येतो, आणि त्याचें उत्तर यंत्राच्या रचनेंत सांपडत नाहीं.

पाश्चात्य देशांत प्रथम वरचढ ठरलें तें वरून खालीं पाहणें. जेरेमी बेंथॅमची सर्वदर्शी बंदिशाळा पुष्कळांना ऐकून माहीत असते: मध्यें मनोरा, भोंवतीं वर्तुळाकार कोठड्या, मनोऱ्यांतला पहारेकरी सर्वांना पाहतो, पण तो आपल्याकडे पाहत आहे कीं नाहीं हें कोणालाहि कळत नाहीं. ती कल्पना मूळची तुरुंगाची नव्हे, हें मात्र फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. जेरेमीचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा रशियांत पोटेमकिन या सरदाराच्या जहागिरीवर कारखाने चालवीत होता. थोड्या देखरेख्यांनीं पुष्कळ मजुरांवर लक्ष कसें ठेवावें, या विवंचनेंतून त्याला ती इमारत सुचली. १७८७ सालीं तेथें पाहुणा गेलेल्या जेरेमीनें ती कागदावर उतरविली आणि तुरुंगाला लावली. कारखाना आधीं, तुरुंग मागून!

पुढच्या शतकांत मनोऱ्याची जागा घड्याळानें घेतली. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यांत फ्रेडरिक टेलर यानें १८८० नंतरच्या दशकांत कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो हें मोजावयास सुरुवात केली. या पद्धतीची खरी कसोटी लागली ती १९११ च्या ऑगस्टमध्यें, बोस्टनजवळच्या वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत. तेथील ओतीव काम करणाऱ्या कारागिरांपुढें एक मनुष्य थांब-घड्याळ घेऊन उभा राहिला. एका कारागिरानें त्या घड्याळापुढें काम करण्याचें साफ नाकारलें. त्याला काढून टाकतांच बाकीचे ओतारीहि बाहेर पडले. संप आठवडाभर टिकला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, मजुरी कमी मिळते ही त्यांची तक्रार नव्हती. आम्हीं सरकारला आपलें उत्तम तें देत आलों असतां आमच्यापुढें घड्याळ धरणें हा आमचा अपमान आहे, अशा आशयाचा त्यांचा अर्ज होता. प्रतिनिधिगृहानें चौकशी समिति नेमली, टेलरची साक्ष झाली, आणि १९१५ पासून लष्करी कारखान्यांत थांब-घड्याळानें कामाचा वेळ मोजण्यास खर्चाच्या कायद्यानेंच बंदी झाली. ती १९४९ पर्यंत टिकली. आजच्या चर्चेंत कामगारांच्या या विजयाची आठवण क्वचितच निघते, हें आश्चर्य आहे.

टेलरचाच सहकारी हेन्री गँट यानें कामाच्या मुदती आडव्या पट्ट्यांनीं दाखविणारे तक्ते तयार केले, आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या जहाजबांधणीला त्यांचा उपयोग झाला. ते तक्ते अधिकाऱ्याच्या खोलींत टांगलेले असत. ज्या दालनांत काम चाले तेथें त्यांतलें कांहीं तरी टांगावें, ही कल्पना रुजण्यास दुसरा देश आणि दुसरा काळ लागला.

तो देश जपान. साकिची तोयोदा हा यंत्रमागांचा शोधक. त्याच्या १९२४ च्या मागाची ख्याति अशी कीं, एखादा धागा तुटला तर माग आपोआप थांबे. त्याचे हक्क १९२९ सालीं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनीं विकत घेतले; या कंपनीचीं यंत्रें मुंबईच्या गिरण्यांना पहिल्यापासून परिचित होतीं. माग स्वतः थांबत असल्यामुळें प्रत्येक मागापाशीं माणूस खडा ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. एकच माणूस पुष्कळ माग सांभाळूं लागला. या मागांच्या कारखान्यांतून जी मोटारकंपनी निघाली तींत ताइची ओनो नांवाचा अभियंता होता. त्यानेंहि सूतगिरणींतच उमेदवारी केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखींत, पैसा नाहीं आणि माल ठेवण्यास जागा नाहीं अशा अवस्थेंत, त्यानें मागाचा तो गुण माणसाला देऊन पाहिला. अडचण दिसली कीं कामगारानें काम थांबवावें, हा त्याचा नियम झाला.

जपानी भाषेंत अंदोन म्हणजे कागदी कंदील. टोयोटाच्या कारखान्यांत हें नांव डोक्यावर टांगलेल्या दिव्यांच्या फलकाला मिळालें. मोटारींची रांग पुढें सरकत असते. प्रत्येक जागीं हाताला लागेल अशी दोरी असते. बोल्ट बसत नाहीं, भाग चुकीचा आला, हातांतलें काम वेळेंत उरकत नाहीं, असें कांहींहि झालें कीं कामगारानें दोरी ओढावयाची. फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि तुकडीचा नायक धांवत येतो. ठराविक अंतर सरकेपर्यंत अडचण दूर झाली तर ठीक. नाहीं तर सगळी रांग थांबते. दिवा सर्वांना दिसतो, साध्या कामगाराला दिसतो आणि व्यवस्थापकालाहि दिसतो. त्याच सुमारास ओनोनें कानबान ही दुसरी रीत घातली. पुढच्या खात्यानें चिठ्ठी पाठवावी आणि चिठ्ठींत असेल तेवढाच माल मागच्या खात्यानें तयार करावा, अशी ती रीत. चिठ्ठ्या कोठें साचल्या तें पाहिलें कीं काम कोठें तुंबलें तें समजे. १९६२ च्या सुमारास ती सर्व कंपनीभर लागू झाली.

अंदोनचा दिवा आणि ओएनचा ठोकळा हे दोन्ही कामाच्या जागेजवळ टांगलेले, दोन्ही रंगांनीं बोलणारे. पण त्यांच्यांत फार मोठें अंतर आहे. दिवा लावतो तो स्वतः काम करणारा. दिवा सांगतो तें ‘येथें अडलें आहे’ एवढेंच. आणि दिवा लागला म्हणजे येतो तो मदतीला येतो. या तिसऱ्या गोष्टीवर बाकीच्या दोन उभ्या आहेत. दोरी ओढल्यावर मदतीऐवजीं शिवी मिळूं लागली, तर आठ दिवसांत कोणीहि दोरीला हात लावणार नाहीं, आणि सगळे दिवे विझलेले पाहून अधिकारी समाधान पावतील.

हें केवळ अनुमान नव्हे. कॅलिफोर्नियांतल्या फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणें आणि वाईट माल यांबद्दल कुप्रसिद्ध होता; १९८२ सालीं तो बंद पडला. १९८४ मध्यें टोयोटाच्या भागींत तोच कारखाना पुन्हां उघडला. कामगार बहुतेक पूर्वींचेच होते, त्यांची संघटनाहि तीच होती. कांहींना जपानांत नेऊन शिकविण्यांत आलें, आणि प्रत्येकाच्या हाताशीं दोरी आली. जेथें पूर्वीं कांहींहि झालें तरी रांग थांबवावयाची नाहीं असा दंडक होता, तेथें रांग थांबविण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाला मिळाला. मोटारींचा दर्जा पाहतां पाहतां सुधारला. मग जनरल मोटर्सनें आपल्या इतर कारखान्यांतहि दोऱ्या बांधून पाहिल्या. दोऱ्या तशाच होत्या, दिवेहि तसेच होते. परंतु तेथील अधिकाऱ्यांचें श्रेय रांग चालू ठेवण्यांत होतें, आणि दोरी ओढणारा त्यांना शत्रू वाटे. ती नक्कल साधली नाहीं.

जपानी पद्धतीचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सातोशी कामाता या पत्रकारानें १९७२-७३ मध्यें टोयोटांत हंगामी मजूर म्हणून काम केलें आणि तेथील दमछाकीचें वर्णन करणारें पुस्तक लिहिलें. तें वाचल्यावर दिव्यांची शोभा बरीच कमी होते. अमेरिकेंतील माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनीं १९८८ मध्यें असें दाखविलें कीं, सगळे दिवे हिरवे राहिले तर व्यवस्थापक त्याचा अर्थ ‘रांगेंत अजून ढिलाई आहे’ असा घेतात आणि वेग वाढवितात, कुठें तरी पिवळा दिवा लागेपर्यंत. या पद्धतीला त्यांनीं ताणाचें व्यवस्थापन असें नांव दिलें. मदतीसाठीं टांगलेला दिवा माणसाच्या दमाचें माप घेण्यासहि उपयोगीं पडतो, हें त्यांचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे.

मोटारींच्या या प्रयोगांची वार्ता संगणकाच्या क्षेत्रांत पुष्कळ उशिरां पोंचली. तेथें लोक त्याच प्रश्नाशीं आपल्या परीनें झगडत होते. १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीनें ओएस/३६० ही प्रचंड आज्ञावली लिहावयास घेतली. तिचा प्रमुख वर उल्लेखिलेला ब्रुक्स होता. प्रत्येकानें सर्व कागद पाहिले पाहिजेत असा त्याचा आग्रह होता. सहा महिने होतात न होतात तोंच त्या कागदांची चळत पांच फूट उंच झाली, आणि रोजचे बदल वांटावयाचे म्हटले तर दोन इंच जाडीचा गठ्ठा होई. सर्वांना सर्व दाखविणें म्हणजे कोणालाच कांहीं न दाखविणें, याचा हा उत्तम नमुना! डेव्हिड पार्नस या तज्ज्ञानें याच्या उलट मत मांडलें होतें कीं, प्रत्येक भागाचें अंतरंग झांकलेलें असावें आणि इतरांना त्याचा सांधा तेवढा दिसावा. पार्नसचेंच बरोबर होतें, माझें चुकलें, अशी कबुली ब्रुक्सनें १९९५ मध्यें दिली. पांच फूट कागदांच्या धन्यानें ती मोकळ्या मनानें द्यावी, हें त्याला शोभलें.

त्याच कंपनींतील हार्लन मिल्स यानें १९७० च्या सुमारास निराळा मार्ग धरला. तोंपर्यंत प्रोग्राम लिहिणारा आपले कागद आपल्या खणांत ठेवी, आणि चुकलेल्या चालीचा पुरावा केराच्या टोपलींत जाई. मिल्सनें यंत्राची प्रत्येक चाल, बरोबर असो वा चुकलेली, तुकडीच्या सामायिक ग्रंथसंग्रहांत ठेवावयास लावली. प्रोग्राम हा व्यक्तीचा नसून तुकडीचा, हें त्यांतलें सूत्र होय. जेराल्ड वाइनबर्ग यानें १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत या वृत्तीला निरहंकार लेखनाची उपमा दिली, आणि जॉन फॉन नॉयमानसारखा असामान्य गणिती आपले प्रोग्राम दुसऱ्यांच्या पुढें करून ‘यांत चुका शोधा’ म्हणे, अशी आठवण नमूद केली. दुसऱ्याला आपली चूक दाखविण्यास असामान्य माणसाला संकोच वाटत नाहीं. बढतीची वाट पाहणाऱ्याला तो वाटतो.

ही अडचण ओळखून नियम घातला तो मायकेल फॅगन यानें. लिहिलेली आज्ञावली तिघाचौघांनीं मिळून ओळ न् ओळ तपासण्याची रीत त्यानें १९७६ सालीं प्रसिद्ध केली. त्या बैठकींत सांपडलेल्या चुकांचे आंकडे लिहिणाऱ्याच्या गुणवत्तेच्या मूल्यमापनासाठीं वापरूं नयेत, आणि त्याच्या वरिष्ठानें बैठकीस बसूं नये, असा त्याचा कटाक्ष होता. कारण उघड आहे. पगारवाढ ज्याच्या हातीं आहे तो खोलींत आला कीं चुका सांपडेनाशा होतात. चुका तेवढ्याच असतात; त्या पाहण्याची कोणाची इच्छा मात्र उरत नाहीं.

हा नियम न पाळल्यास काय होतें याची गोष्ट संगणकाच्या जगांत आवडीनें सांगितली जाते. १९८२ च्या आरंभीं अ‍ॅपल कंपनींत लिसा नांवाच्या संगणकाचें काम चाललें होतें. व्यवस्थापकांनीं एक तक्ता काढला: प्रत्येकानें दर आठवड्यास आपण किती ओळी लिहिल्या त्याचा आंकडा भरावा. बिल अ‍ॅटकिन्सन हा त्या मंडळींतला अत्यंत कुशल प्रोग्रामर. त्या आठवड्यांत त्यानें चित्रें काढणाऱ्या आज्ञावलीचा एक भाग नव्यानें, सोप्या रीतीनें लिहिला. तो जवळ जवळ सहापट वेगानें चालूं लागला आणि शिवाय दोन हजार ओळी कमी झाल्या. तक्ता आल्यावर त्यानें ओळींच्या रकान्यांत ‘उणे २०००’ असा आंकडा भरला. कांहीं आठवड्यांनीं त्याच्याकडे तक्ता मागणें बंद झालें. अ‍ॅटकिन्सन अ‍ॅटकिन्सन होता म्हणून ही विनोदाची गोष्ट झाली. ज्याची नोकरी नवी आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत, त्यानें मुकाट्यानें दोन हजार ओळी वाढविल्या असत्या.

यानंतर साधनें सुधारत गेलीं. कोणत्या दिवशीं कोणी कोणती ओळ बदलली हें आपोआप नोंदवून ठेवणारी यंत्रणा १९७२ पासून होती; २००५ च्या एप्रिलमध्यें लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्सच्या कामासाठीं ‘गिट’ तयार केलें, आणि अशी नोंद आतां जवळ जवळ सार्वत्रिक झाली आहे. अमुक ओळ कोणी लिहिली हें विचारण्याच्या आज्ञेला गिटमध्यें ‘ब्लेम’ म्हणजे दोष असें नांव आहे. तिच्या आधींच्या सबव्हर्शन नांवाच्या यंत्रणेंत याच आज्ञेला ‘प्रेज’ म्हणजे प्रशंसा असेंहि दुसरें नांव ठेवलेलें होतें. दोन्ही नांवांनीं उत्तर एकच येई. गमतीनें ठेवलेल्या या नांवांत पुष्कळ अर्थ आहे.

हैदराबादचें एक उदाहरण मात्र थोडें सविस्तर सांगण्यासारखें आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अंतर्गत कामाच्या सुमारें ऐंशी आज्ञावल्या दुरुस्त राखण्याचें काम २००४ मध्यें तेथील एका तुकडीकडे होतें. मागण्या येत त्या अमेरिकेंतून. एक मागणी पुरी होण्यास सुमारें पांच महिने लागत, आणि त्या विभागांत या तुकडीची कीर्ति सर्वांत वाईट होती. समुद्रापलीकडून पाहणाऱ्यास सहज वाटावें कीं, हीं माणसें आळशी असतील किंवा अडाणी असतील. यांच्यावर नजर वाढविली पाहिजे. ड्रॅगोस दुमित्रिउ या नव्यानें आलेल्या व्यवस्थापकानें डेव्हिड अँडरसन याच्या सल्ल्यानें माणसांकडे पाहण्याऐवजीं कामाची वाट पाहिली. मागणी आली कीं तिला किती वेळ लागेल याचा अंदाज अठ्ठेचाळीस तासांत द्यावा असा नियम होता. हे अंदाज करण्यांतच तुकडीची सुमारें तिसरा हिस्सा शक्ति जात होती, आणि अंदाज केलेल्या मागण्यांपैकीं पुष्कळशा पुढें कोणी हातींच घेत नसे. म्हणजे तुकडी कामचुकार नव्हती. तिला काम करूं दिलें जात नव्हतें. अंदाज बंद केले, एका वेळीं हातांत किती कामें असावींत त्यावर मर्यादा घातली, आणि पुढचें काम कोणतें हें मागणी करणाऱ्यांनींच आपसांत ठरवावें असें केलें. २००५ संपण्यापूर्वीं साचलेलें काम निकालांत निघालें, आणि पांच महिन्यांच्या ठिकाणीं सुमारें दोन आठवडे लागूं लागले. कोणाच्याहि यंत्रावर पहारा बसविला गेला नव्हता.

पुढें अँडरसननें सिअ‍ॅटलच्या एका कंपनींत याच रीतीला भिंतीवरच्या फलकाचें रूप दिलें, आणि ओनोचा ‘कानबान’ हा शब्द त्याला चिकटला. त्यापूर्वींच, २००० च्या आगेमागें, अ‍ॅलिस्टर कोबर्न यानें अशा भिंतीवरच्या फलकांना माहितीचे शेगडीसारखे उष्णता फेंकणारे पट म्हटलें होतें: जाणाऱ्या-येणाऱ्याला न विचारतां ऊब लागावी तशी माहिती लागावी. जगांतल्या बहुतेक तुकड्यांत आतां असा फलक असतो, कागदाचा किंवा पडद्यावरचा. ‘करावयाचें’, ‘चालू’, ‘झालें’ असे त्याचे रकाने, आणि प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. चालूच्या रकान्यांत चिठ्ठ्यांचा ढीग झाला कीं नवें काम घेऊं नये एवढें सर्वांना न सांगतां समजतें. २०१८ मध्यें निकोल फोर्सग्रेन आणि तिच्या सहकाऱ्यांनीं आपल्या ग्रंथांत मोजण्यासाठीं जीं मापें सुचविलीं तींहि तुकडीचीं आहेत, व्यक्तीचीं नव्हेत: बदल किती वेळां पोंचतो, पोंचण्यास किती अवधि लागतो, किती बदल बिघाड करतात, आणि बिघाड झाल्यास किती वेळांत सांवरतो.

परंतु फलक पडद्यावर गेला आणि त्याच्यामागें एक न दिसणारी वही आली. भिंतीवरची चिठ्ठी काढली कीं गेली. पडद्यावरची चिठ्ठी कोणी, केव्हां, कितीदां हलविली हें राहतें, आणि सहज बेरीज करतां येतें. तोच फलक समोरून पाहिला तर कामाचा, मागून पाहिला तर माणसाचा. २०२० च्या साथींत सर्व देशांतील कचेऱ्या घरांत शिरल्या, तेव्हां ही मागची बाजू फार आकर्षक वाटूं लागली. कळा दाबल्याची संख्या मोजणारीं आणि ठराविक वेळानें पडद्याचें छायाचित्र घेणारीं साधनें भराभर खपलीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें मायक्रोसॉफ्टनें ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नांवाचें साधन आपल्या गिऱ्हाईकांपुढें ठेवलें. अमुक कर्मचाऱ्यानें गेल्या २८ दिवसांत किती दिवस पत्रें पाठविलीं, किती दिवस सभांत भाग घेतला, हें नांवानिशीं पाहण्याची सोय तींत होती. वोल्फी क्रिस्टल या व्हिएन्नाच्या संशोधकानें त्यावर जाहीर टीका केली आणि गवगवा झाला. १ डिसेंबर २०२० रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, व्यक्तींचीं नांवें काढून टाकण्यांत येतील आणि आंकडे यापुढें संस्थेचे म्हणून दाखविले जातील. वॉटरटाऊनच्या कारागिरांना बंदी मिळविण्यास जवळ जवळ चार वर्षें लागलीं होतीं. येथें थोड्याच दिवसांत निकाल लागला. मात्र तो कायद्यानें लागला नाहीं, कंपनीच्या मर्जीनें लागला.

कायद्यानें तो प्रश्न सोडविण्याचा यत्न एका देशांत फार पूर्वीं झाला आहे. जर्मनींत कामगारांनीं निवडलेलें कारखाना-मंडळ असतें. १९७२ च्या कायद्याच्या ८७ व्या कलमाप्रमाणें, कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवणारें कोणतेंहि तांत्रिक साधन या मंडळाच्या संमतीवांचून मालकाला बसवितां येत नाहीं. हा कायदा झाला तेव्हां डोळ्यांपुढें हजेरीचीं यंत्रें आणि कॅमेरे होते. पुढें न्यायालयांनीं त्याचा अर्थ विस्तृत केला: लक्ष ठेवण्याचा मालकाचा हेतु असो वा नसो, साधन तसें करण्याजोगें असलें तरी पुरे. त्यामुळें कामाच्या चिठ्ठ्यांचा साधा फलकहि या कलमाखालीं येऊं शकतो. मग मालक आणि मंडळ समोरासमोर बसतात आणि लेखी करार होतो. कोणते रकाने असावेत, नांव कोणाला दिसावें, नोंद किती दिवस ठेवावी आणि केव्हां पुसावी, आणि तींतलें कांहीं पगाराच्या वा बडतर्फीच्या कामीं वापरतां येईल कीं नाहीं, हें सर्व त्यांत कलमवार लिहिलेलें असतें, आणि फलक त्यानंतर लावला जातो.